मेव्हण्याची पिवळी पूड

त्या पुडीचा वास अजून माझ्या नाकातून गेलेला नाही. गोणपाट भिजावं, कोपऱ्यात पडून राहावं आणि मग उन्हात वाळावं, तसला वास. बायकोला जाऊन वर्ष झालं. तिच्या साड्या वाटल्या, कपाट पुसलं, पलंग बाहेर काढला. पण ज्या फडताळात त्या पुडीचा डबा असायचा ते उघडताना आजही मी नाक दाबतो.

मी शिकलेला माणूस नाही. सातवीत शाळा सुटली. केडगावात पुणे रस्त्याच्या कडेला माझी अंडाभुर्जीची गाडी होती, सगळा जन्म त्या तव्यासमोर गेला. मला गोड बोलता येत नाही आणि लिहायची सवय तर नाहीच. तरी लिहायला बसलो, कारण आमच्या नात्यातले आणि चर्चमधले लोक ही गोष्ट आपापल्या सोयीनं सांगत सुटलेत. ते ऐकलं की मला शिसारी येते.

आधी तिचे हात गेले. पीठ मळता मळता ती थांबायची आणि दोन्ही हात जोरजोरात झटकायची, बोटांवरचं पाणी उडवावं तशी. "मुंग्या आल्या," म्हणायची. मनगटांचं ऑपरेशन केलं, आधी एका, मग दुसऱ्या. नंतर काही वर्षांनी पाय सुजायला लागले, मग जिना चढताना दम. डॉक्टर बदलले. एक म्हणाला वय झालं, दुसरा म्हणाला बीपी, तिसऱ्यानं मीठ कमी करा म्हणून सांगितलं. तीन शिकलेली माणसं आणि एकालाही तिचे हात बघावेसे वाटले नाहीत.

शेवटी पुण्यातल्या एका हृदयाच्या डॉक्टरनं ओळखलं. त्यानं कागदावर चार गोळे काढले, एकमेकांना टेकलेले. म्हणाला, लिव्हर एक प्रोटीन तयार करतं, त्याचे असे चार भाग एकत्र बांधलेले असतात. तुमच्या मिसेसचं हे प्रोटीन जन्मापासूनच जरा सैल आहे. भाग सुटतात, त्यांची घडी उलगडते आणि उलगडलेलं ते एकमेकांना चिकटत हृदयात साचत जातं. हृदय कडक झालंय.

"औषध?" मी विचारलं.

"आहे. गोळीतून घ्यायचं औषध आहे, चार भाग सुटू देत नाही. पण ते पुढचं थांबवतं, साचलेलं काढत नाही. उशीर झालाय, आजोबा. आता देऊन उपयोग नाही."

"कुणी केला उशीर?"

तो कॉम्प्युटरकडे बघायला लागला.

आणखी एक सांगितलं त्यानं. हे रक्तातून येतं, मुलांनी आणि भावंडांनी तपासून घ्या. आम्हाला एकच मुलगी. तिनं तपासलं, तिच्यात ते निघालं नाही. हिचा भाऊही एकच, माझा मेव्हणा. त्याला निरोप दिला तर म्हणाला, "मला काय धाड भरलीय?"

आता मेव्हण्याबद्दल. फिटर होता, नोकरी संपल्यावर मुळ्या कुटायला लागला. जामखेडकडच्या कुण्या म्हाताऱ्यानं आपल्याला विद्या दिली म्हणतो. खलबत्त्यात काय काय घालतो ते बायकोलाही सांगत नाही. निघते ती पिवळीधमक पूड. गुडघ्याला तीच, साखरेला तीच, मूल होत नसेल तरी तीच. बहिणीचं कळल्यावर डबा घेऊन आला. "ताई, मधातून घे. प्रार्थना करून कुटलीय."

तिनं घेतली. भावाच्या मायेनं घेतली, दुसरं काही नाही. तिचे ओठ पिवळे, दात पिवळे, उशीचा अभ्रा पिवळा. ती पूड गिळताना डोळे मिटायची, गळ्याच्या शिरा ताठ व्हायच्या, आणि मी समोर भांडं धरून बसायचो, उलटून आलं तर असावी म्हणून. एक दिवस तिनं पुडीची वाटी हातानं सारली. "आता नगं. जीभंवर ठिवलं की पोटातनं परत येतं." मी म्हणालो नको तर नको. त्यानंतर काही आठवड्यांनी ती गेली.

मातीहून घरी आलो. पाळकसाहेबांनी वचन वाचलं, गीत झालं, शेजाऱ्यांनी चहा आणि फरसाण आणलं होतं ते फिरलं. आणि मेव्हणा सगळ्यांच्या मधोमध म्हणाला, "पूड बंद झाली आन् ताई गेली."

एवढंच म्हणाला. माना हलल्या. तोंडात शेव होती, ती चावत माना हलल्या. तो कुरकुर आवाज मला अजून ऐकू येतो. कबरीची माती अजून माझ्या बुटाला होती आणि ही माणसं तिच्या मरणाचं कारण फरसाणाबरोबर चघळत होती.

ते वाक्य गावभर फिरलं. उपासना संपली की बायका मला दारात गाठायच्या. "खरंच का हो, चालू औषध सोडलं हुतं?" मी काय सांगणार? मला तरी कुठं माहीत होतं? वाटी तिनं सारली, पण ती उचलून आत नेऊन ठेवली ती मी. पूड जर खरंच तिला धरून असेल, तर? हे एकदा डोक्यात शिरलं ते निघेना. बसलो तरी तेच, झोपलो तरी तेच.

माझी मुलगी पुण्यात एका औषधाच्या कंपनीत आहे. प्रयोगशाळेत. नवनवी औषधं बनवतात, त्यातलं कुठलं कुठल्या प्रोटीनला जाऊन चिकटतं, आणि चिकटल्यावर त्या प्रोटीनच्या आकारात काय फरक पडतो, हे मोजायचं तिचं काम. मी इतकी वर्षं त्याला बाटल्या हलवायची नोकरी म्हणत आलो. आता डबा पिशवीत घातला आणि पुण्याची गाडी धरली.

"हे तुझ्या मशीनमदी घाल," मी तिच्या घरी टेबलावर डबा ठेवला.

"पप्पा, असं नाही घालता येत. ह्यात काय आहे तेच माहीत नाही."

"म्हनून तर घाल म्हनतो."

"कशाला उकरून काढताय?"

"तुझा मामा म्हनतो आई पुडीवाचून मेली. मला बगायचंय, ही पूड त्या चार गोळ्यांना धरती का न्हाई. तू काय तिकडं नुसती पगाराला जाती?"

तिला राग आला. माझ्यावरच गेलीय ती, तोंड फिरवून आत गेली. पण सकाळी म्हणाली, "साहेबांना विचारलंय. रविवारी या."

रविवारी तिच्या प्रयोगशाळेत गेलो. डोक्याला टोपी, अंगात पांढरा कोट, डोळ्यांवर चष्मा. मला आरशात बघून स्वतःचीच किळस आली. आत एक आंबूस वास होता, पावाचं पीठ उतून गेल्यासारखा. विचारलं तर म्हणाली, जंतू वाढवलेत. प्रोटीन त्यांच्याकडूनच बनवून घेतो.

"म्हंजी आईच्या काळजात साचलं हुतं, ते तुमी हितं जंतूंकडून करून घेता?"

"हो. नवीन आलेल्यांचा हात बसवायला आम्ही हेच प्रोटीन देतो. कायम फ्रिजमध्ये असतं."

फ्रिज उघडून तिनं दाखवलं. पाण्यासारखं पाणी. नखाएवढ्या नळीत. तोंडात थुंकी जमली, पण तिथं थुंकायची सोय नव्हती.

तिनं समजावलं. अंड्याचा पांढरा तव्यावर टाकल्यावर दुधासारखा होतो ना, तसं. प्रोटीन म्हणजे घडी घालून ठेवलेला दोरा. तापवलं की घडी उलगडते. आम्ही हळूहळू तापवत नेतो आणि कुठल्या गर्मीला उलगडलं ते बघतो. औषध जर नीट बसलं असेल तर घडी धरून राहते, उलगडायला जास्त गर्मी लागते. हे प्रोटीन जरा चिवट, म्हणून त्याला आधी थोडं आंबट पाण्यात ठेवायचं.

"ते मला सांगू नगंस. अंडी मी फोडलीत," मी म्हणालो. पण खरं सांगतो, तिनं अंड्याचं नाव काढलं आणि मला कसंतरीच झालं. जन्मभर ज्याच्यावर पोट भरलं तेच माझ्या बायकोच्या हृदयात झालं होतं. तेव्हापासून मी अंडं खाल्लेलं नाही.

तिनं पूड भिजवून गाळून घेतली. एक पातळ प्लास्टिकचं ताट होतं, अंड्यांच्या ट्रेसारखे खड्डे पडलेलं, पण खड्डे मुगाच्या दाण्याएवढे. काहींत नुसतं प्रोटीन, काहींत प्रोटीन आणि पुडीचं पाणी. सगळ्यात एक रंग टाकला. तो रंग घडी मिटलेली असेपर्यंत गप्प असतो, प्रोटीन उलगडलं की त्याला आत चिकटायला जागा मिळते आणि तो चमकतो. मशीन ती चमक बघतं.

पडद्यावर रेघा निघाल्या. नुसत्या प्रोटीनची रेघ खालून सरळ येऊन एका जागी उभी चढली. "इथं उलगडलं," ती म्हणाली. पुडीची रेघ तिथं चढलीच नाही. वरच्या वर चालत राहिली, पुढं, आणखी पुढं.

"म्हंजी धरलं?" मी विचारलं.

ती पडद्याकडे बघत राहिली.

मी स्टुलावर बसलो.  मेव्हणा खरं बोलला होता. त्या घाणेरड्या पुडीनं तिला धरलं होतं आणि ती वाटी मी उचलून आत नेली होती. त्या क्षणी मला तो पांढरा कोट ओरबाडून काढावासा वाटला.

"पप्पा, थांबा. असे बसू नका. रिकामे खड्डे बघू द्या."

"कसले रिकामे?"

"काही खड्ड्यांत प्रोटीन घातलंच नव्हतं. नुसती पूड आणि रंग. हे दर वेळी ठेवायचंच असतं."

तिनं ती रेघ काढली. अगदी तशीच. वरच्या वर चाललेली. प्रोटीनचा तिथं थेंब नव्हता, उलगडायला काही नव्हतं, तरी तीच रेघ.

"पूड स्वतःच चमकतेय," ती म्हणाली. "मुळी असेल नाहीतर मामानं घातलेला रंग असेल. तिच्या उजेडात आमच्या रंगाचं काही दिसत नाहीये. म्हणजे धरलं की नाही, ह्यातून काहीच कळत नाही."

मी संतापलो. "येवढं मोटं मशीन, आन् चिमूटभर पिवळ्यानं आंदळं हुतं?"

"म्हणून तर रिकामे खड्डे ठेवतो ना! मामानं ठेवलेत का कधी?"

मग तीच म्हणाली, दुसऱ्या रीतीनं करते, त्यात चमकायचा प्रश्न नाही. चार नळ्या घेतल्या. एकीत नुसतं प्रोटीन, दुसरीत प्रोटीन आणि पूड, तिसरीत नुसती पूड, चौथीत प्रोटीन आणि आणखी काहीतरी. सगळ्यांत आंबट पाणी. काही दिवस कोमट जागी ठेवायच्या, मग बघायचं, कशात किती साका धरला.

ते दिवस मी तिच्या फ्लॅटवर काढले. जावई चांगला माणूस, रोज विचारायचा काय खाणार. काय खाणार? गॅलरीतून समोरच्या बिल्डिंगची गॅलरी दिसायची आणि मला सगळ्याचा वीट आला होता. पुण्याचा, पुडीचा, स्वतःचा. असा एकटा उरलेला म्हातारा कुणाच्या सोफ्यावर बसला की सोफासुद्धा अवघडतो.

नळ्या बघायला पुन्हा नेलं. पहिली नळी गढूळ, पातळ ताकासारखी. पुडीची नळी पिवळी, पण हलवली की आत तसलंच पांढरं लोळत होतं. तिनं त्या दुसऱ्या एका मशीनमध्ये गरगर फिरवून गाळ खाली बसवला आणि गाळातलं प्रोटीन वेगळं मोजलं. पुडीचा स्वतःचा गाळ त्यात धरायला नको, म्हणून ती तिसरी नळी. आकडे तिनं मला वाचून दाखवले, मला त्यातलं एवढंच कळलं की पूड घाला नाहीतर नका घालू, साका तेवढाच.

"हे नळीतलं आहे पप्पा," ती म्हणाली. "माणसाच्या अंगातलं सगळं काही ह्यातून कळत नाही. पण पुडीनं हे प्रोटीन धरलं नाही, एवढं मी सांगू शकते."

मला बरं वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही. म्हणजे एवढे महिने तिनं डोळे मिटून, शिरा ताणून जे गिळलं ते फुकट. दात पिवळे झाले ते फुकट. तिच्या तोंडाला शेवटची चव राहिली ती त्या घाणीची, आणि तीही फुकट.

मग मला चौथी नळी दिसली. स्वच्छ. पलीकडचं तिचं बोट आरपार दिसत होतं.

"ही कुटली?"

"हे ते औषध. डॉक्टर म्हणाले होते ते."

मी नळी हातात घेतली. फिरवली, उलटी केली. कुठंही काही नाही. तेच प्रोटीन, तेच आंबट पाणी, तितकेच दिवस, आणि ते तसंच्या तसं राहिलं होतं, घडी न मोडता. मला त्या नळीचा इतका राग आला की ती जमिनीवर आपटावी. हे होतं. हे जगात होतं. मनगटं कापली तेव्हा कुणी विचारलं असतं, तर हे तिच्या पोटात गेलं असतं.

"हातांपासून सुरू होतं पुष्कळदा," पोरगी म्हणाली. "दोन्ही मनगटं आधी. मी दर नाताळाला तिला हात झटकताना बघत होते, पप्पा. करंज्या करून दुखत असतील वाटायचं." तिचा चष्मा आतून धुकटला.

"चष्मा पूस," एवढंच मला म्हणता आलं.

वर्षाची प्रार्थना घरीच ठेवली. मी ठरवून बसलो होतो. तेच पाळकसाहेब, तीच माणसं, तेच फरसाण. मेव्हणा नवा शर्ट घालून आला होता, बरोबर त्याची बायको. 'आमेन' झालं, कप फिरले, आणि मी म्हणालो, "पूड तपासली. पुण्यात, पोरीच्या मशीनवर. काय सुदीक धरत न्हाई ती. तुझी ताई पुडीवाचून न्हाई गेली."

 मेव्हणा हसला. "दाजी, मशीनला इश्वास असतो व्हय?"

लोक हसले. पाळकसाहेबही मिशीत हसले. माझ्या अंगाची लाही झाली. एकेकाच्या तोंडातलं फरसाण बाहेर काढावं, असं वाटलं. मी उभा राहिलो, चार शब्द असे तयार होते की मेव्हणा परत माझ्या दारात आला नसता.

तेवढ्यात त्यानं कप उचलला. अर्ध्यावर आणला, परत बशीत ठेवला. आणि दोन्ही हात खाली सोडून झटकले. बोटांवरचं पाणी उडवावं तसे.

मी परत खाली बसलो.

"कवापासून?" मी विचारलं.

"काय?"

"हात."

"कुटून कुटून हुतंय. वय झालं."

"कवापासून इचारतोय मी."

 त्याची बायको म्हणाली, "शर्टाची बटनं मीच लावती, दाजी. लई दिवस झालं. ताई जायच्याही आदीपासून."

"तू गप गं," तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता, हळूच, "म्हनून तर पूड घेतोय ना. रोज घेतोय. आन् हाय की मी बरा."

तेव्हा मला कळलं, मातीच्या दिवशी तो ते का बोलला. पुडीनं ताईला धरलं नसेल, तर त्यालाही धरणार नव्हतं. म्हणून ताई पूड सोडल्यामुळंच गेली, हे त्याला पाहिजेच होतं. त्याची कीव आली असं मी लिहिणार नाही. आली नाही. त्याच्या पिवळ्या दातांकडे बघून मला तेवढीच किळस आली, जेवढी आधी येत होती. पण तिचेच हात होते ते. तीच नखं, तसाच वाकडा अंगठा.

"उद्या पुन्याला चल," मी म्हणालो.

"मला काय धाड..."

"गप बस. पयल्या गाडीनं. न्हाईतर उचलून टाकीन गाडीत."

कुणी हसलं नाही.

रात्री पोरीनं त्याला फोनवर चारही नळ्यांचं सांगितलं होतं, तरी सकाळी स्टँडवर आला तो बायकोनं ढकलला म्हणून. काखेत डबा. खिडकीशी बसला, डबा मांडीवर.  सुपा मागं पडल्यावर त्यानं विचारलं, "दाजी, ती औषदाची नळी सोच्च राह्यली म्हनत हुती पोरगी."

"व्हय."

"तुमी बगितली?"

"हातात धरली."

त्यानं मान हलवली. मग डबा उघडला, चिमूटभर पूड जिभेवर टाकली आणि डोळे मिटले. तोच वास आला. मी त्याच्या अंगावरून हात घालून खिडकीची काच सरकवली. तो पाण्याच्या बाटलीशी झटत होता, झाकण त्याला फिरवता येईना.

मी बाटली हिसकावून घेतली आणि उघडून त्याच्या हातात दिली.